दोराचा पैसा

नदीच्या अलीकडे गाव आणि पलीकडे बाजार, अशी एक जागा होती. नदीवर पूल नव्हता. पाणी रुंद, खोल आणि भलत्या ओढीचं. वल्ह्याला ते दाद द्यायचं नाही. म्हणून दोन्ही काठांवर एकेक दगडी खांब रोवला होता, दोन्ही खांबांना मिळून अंबाडीचा एक जाडजूड दोर बांधला होता, आणि तो दोर धरून, हातापुढे हात टाकत, नाव ओढत न्यायची. नाव ओढणाऱ्याचं नाव हैबती. अंगानं हा आडदांड, पण स्वभावानं फार भिडस्त. त्याच्या पोटापाण्याचं गाव बघायचं. सुगी झाली की घरटी पायलीभर धान्य त्याच्याकडे जायचं.

दोराचं मात्र निराळं होतं. नावेच्या तोंडाशी एक मडकं बसवलेलं असायचं. त्याचं तोंड मातीनं लिंपलेलं आणि वर पैसा आत जाईल एवढीच फट. नावेत पाय ठेवला की ज्यानं त्यानं त्यात एक पैसा टाकायचा. पैसा टाकला की हात दोराला लावायचा आणि हैबतीबरोबर नाव ओढायची. म्हातारा असो, बाई असो, नवी नवरी असो, पाचही बोटं एकदा दोराला लागलीच पाहिजेत. दरसाल पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या गावासमोर मडकं फोडायचं आणि त्या पैशाचा नवा दोर आणायचा. त्याला सगळे ‘दोराचा पैसा’ म्हणायचे.

आणि हा पैसा म्हणजे पैसाच. रुपया चालत नसे. एकदा कुणा परगावच्या सावकारानं ऐटीत रुपया पुढे केला, तर हैबतीनं तो हळूच परत त्याच्या हातावर ठेवला. “एवढा नको, मालक. पैसा असेल तर द्या,” म्हणाला. का, ते त्याला सांगता आलं नाही. त्याचा बाप असं करायचा, म्हणून तोही करायचा. झालं.

एक पैसा म्हणजे काय हो? चिमूटभर तंबाखू. पण तो टाकला की माणसाला कंठ फुटायचा. “हैबती, इथं दोराचे तंतू सुटलेत, बघितलंस का?” “हैबती, हा पीळ सैल लागतोय.” “अरे, आमचा पैसा आहे यात, तुझा एकट्याचा नाही दोर!” सगळ्यांत तोंडाळ होती ठकूबाई. ही पलीकडच्या बाजारात माठ, चाकवत, चुका असली पालेभाजी विकायला जायची. पदराच्या गाठीतून पैसा सोडवायला तिला अर्धा प्रहर लागायचा. तोवर नाव खोळंबलेली. आणि एकदा पैसा टाकला की अलीकडच्या खांबापासून पलीकडच्या खांबापर्यंत ती दोराला बोट लावत, हैबतीला शिव्या घालत जायची. हैबती बिचारा मान खाली घालून ऐकायचा आणि परतीच्या खेपेला तेवढा भाग दुरुस्त करायचा. नाही केला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच कटकट. त्याला काय हौस होती होय?

या गावात बसवंतशेठ म्हणून गुळाचा मोठा व्यापारी राहायचा. माणूस चांगला होता, हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही पुढचं ऐकून त्याला नावं ठेवाल. हात सढळ, बोलणं गोड. त्याची बायको लवकर गेली. मागे एकच मुलगी, गिरजा. तिला त्यानं आईच्या मायेनं वाढवलं, आणि नदीपलीकडच्याच गावात दिली, का तर चार दिवसांनी मनात आलं की लेक डोळ्यांपुढे यावी. त्या मुलीपलीकडे शेठला जगात काही नव्हतं.

एका उन्हाळ्यात गिरजा माहेरी यायला निघाली. पलीकडच्या काठावर आली आणि तिच्या लक्षात आलं, की जवळ सुटा पैसा नाही. कनवटीला होता तो रुपया. हैबतीनं कान पकडले. “ताई, तुमच्याकडून घ्यायला मला कसंसंच होतं, पण पैसाच लागतो. मी स्वतःचा टाकीन म्हटलं तर माझ्याकडंही नाही.” गिरजा समजूतदार पोर. ती हसली आणि काठावरच्या दगडावर जाऊन बसली. ऊन रणरणत होतं. बऱ्याच वेळानं ठकूबाई रिकामी पाटी घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं, पदराची गाठ सोडली आणि दोन पैसे काढले. “एक माझा, एक या पोरीचा. आणि काय गं, बसलीस कशाला? लाव हात दोराला!” गिरजेनं हात लावला. नाव सुटली.

घरी आल्यावर गिरजेनं ही गंमत म्हणून बापाला सांगितली. बाप हसला नाही. माझी लेक, बसवंतशेठची लेक, एका पैशापायी उन्हात तिष्ठत बसली? आणि भाजीवालीच्या पदरातल्या पैशावर नदी उतरून आली? त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

“बाबा, त्यात एवढं काय?” गिरजा म्हणाली. “आजीनं प्रेमानं दिला.”

“तुला नाही कळायचं,” शेठ म्हणाला.

दसऱ्याला सगळा गाव देवळापुढे जमला तेव्हा शेठ उठून उभा राहिला. म्हणाला, “मंडळी, देवानं मला पुष्कळ दिलं आहे. आजपासून दोराचा खर्च माझा. हैबतीला महिन्याचं वेतन मी देईन, दोराला लागेल तो पैसा मी देईन. यापुढे कुणी पदराची गाठ सोडायची नाही, की खिसा चाचपायचा नाही. नावेत बसायचं आणि उतरायचं. एका पैशानं काय होतं? पण त्या एका पैशासाठी माणसं उन्हात उभी राहतात, हे मला बघवत नाही.”

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. कुणी शेठच्या पाया पडलं, कुणी त्याच्या गळ्यात हार घातला. मडकं त्याच दिवशी फोडलं. हैबतीला नवं पागोटं मिळालं. शेठनं पाठवलेल्या पैशातून असा देखणा दोर आला, की लोक तो बघायला काठावर जमले. त्यात मधून एक लाल पीळ फिरवला होता.

फक्त ठकूबाईनं कुरकुर केली. दुसऱ्या दिवशी नावेत चढताना तिनं सवयीनं गाठ सोडली. “घे माझा पैसा.”

“टाकू कशात?” हैबती म्हणाला. “मडकंच नाही.”

“मग हातात घे.”

“ए म्हातारे,” नावेतली माणसं तिच्यावर खेकसली, “एवढा देवमाणूस आपल्यासाठी खर्च करतोय, आणि तू त्याचा अपमान करतेस? गुमान बस की!”

ठकूबाईनं पैसा परत गाठीत बांधला. चार-आठ दिवस तो तसाच होता. मग एका बाजाराला तिनं त्याची सुपारी घेतली. चघळताना तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

जाता एक आणि येता एक असा प्रत्येकाचा पैसा वाचायला लागला. त्या पैशाचं कुणी काय केलं, विचाराल तर कुणालाच सांगता येणार नाही. कुणाच्या घरावर त्यानं कौल चढलं नाही, की कुणाच्या ताटात तूप पडलं नाही. आला तसा गेला. पण दुसरं एक झालं. लोक नावेत नुसते बसायला लागले. ज्यात पैसा नाही त्याला हात कशाला लावायचा? हैबती एकटा ओढायचा आणि बाकीचे पाहुण्यासारखे मांडी घालून पाण्याकडे बघायचे. आरडाओरडा थांबला. हैबतीला पहिल्यांदा हायसं वाटलं. किती शांत झालं, म्हणाला.

उन्हाळा आला. पावसाळ्याआधी दोर बदलायची वेळ आली. हैबती शेठच्या पेढीवर गेला. शेठ गिऱ्हाइकांत होता. हैबतीला दारात बघून त्यानं तोंडभर हसून हाक मारली. “अरे, ये ये! हैबती, तुझी पोरं बरी आहेत ना? ही गुळाची ढेप घेऊन जा त्यांना. आणि धोतर फाटलंय की तुझं! दिवाणजी, याला एक धोतरजोडी द्या.” हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सगळं हातात घेऊन वर आणखी दोराचे पैसे मागायचे? त्याची जीभ रेटेना. दोर तसा बरा आहे, एक पावसाळा आणखी काढील, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि ढेप खांद्यावर टाकून तो घरी गेला.

पुढच्या वर्षी वळवाच्या पावसात शेठच्या गोदामात पाणी शिरलं. पुष्कळ गूळ पाघळून गेला. गावात जिकडेतिकडे हीच हळहळ. अशा वेळी दोराचं काय घेऊन बसायचं त्याच्याकडे? हैबतीनं जिथं दोर विरला होता तिथं सुतळी गुंडाळली, वर डांबर फासलं. लांबून ते काही वाईट दिसत नव्हतं. वाटेत एकदा शेठनंच विचारलं, “काय हैबती, दोर ठीक आहे ना?” हैबतीनं हात जोडले. “तुमच्या कृपेनं सगळं ठीक आहे, शेठ.” आता यात खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. समोर उभा राहून ‘नाही’ म्हणणं त्याला जमलं नाही, एवढंच. पैशापैशासाठी शंभर जणांच्या शिव्या खाणारा हा माणूस, एका माणसाच्या गोड बोलण्यापुढे मुका झाला.

आणि बाकीच्यांना दिसत नव्हतं का? दिसत होतं! आंधळं कुणी नव्हतं गावात. लाल पिळाचे तंतू पिंजून वाऱ्यावर उडायला लागले होते. लोक बघायचे आणि म्हणायचे, “शेठ करतील.” कुणी म्हणायचं, “आपल्याला फुकट आहे. वर तोंड करून बोलायचं कसं?” कुणी काहीच म्हणायचं नाही.

त्याच साली गिरजेला दिवस गेले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. शेठनं नवससायास केले होते. बातमी आली तेव्हा त्यानं गावभर गूळ वाटला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून श्रावण सरता सरता तिला आणायचं ठरलं. शेठनं माजघराशेजारची खोली सारवून घेतली, नवी बाज विणून घेतली, सुईण आधीपासून बोलावून ठेवली. ठरल्या दिवशी तो सकाळपासून अलीकडच्या काठावर बैलगाडी घेऊन उभा राहिला. गाडीत मऊ गाद्या घातल्या होत्या. नदी दुथडी भरली होती आणि पाणी गढूळ होतं.

पलीकडच्या काठावरून नाव सुटली. नावेत गिरजा होती, तिच्या सोबतीला सासरचा गडी होता, बाजार उरकून निघालेली ठकूबाई होती, आणि हैबती. गिरजा मधल्या फळीवर जपून बसली. ठकूबाई तिच्या शेजारी. म्हातारीची एक सवय मात्र सुटली नव्हती. ती सवयीनं उठली आणि तिनं हात दोराला लावला.

बोटांखाली काहीतरी सरकलं. पीळ उलगडत होता. पूर्वीची ठकूबाई असती तर तिनं नदी दणाणून सोडली असती, हैबतीचं मानगूट धरून नाव मागं फिरवायला लावली असती. काठ अजून जवळ होता. तिनं तोंड उघडलं. मग तिनं शेजारी बघितलं. शेठची पोटुशी लेक हसून तिच्याकडे बघत होती. हिच्यासमोर हिच्या बापाच्या दोराला नाव कसं ठेवायचं? आणि आपण ठेवणार कोण? म्हातारीनं शब्द गिळला. ती एवढंच म्हणाली, “पोरी, जरा हात लावून बस गं दोराला.”

“आजी, आता कुठं लावावा लागतो?” गिरजा म्हणाली. “बाबांनी ती कटकटच मिटवली की.”

नाव मधल्या धारेला आली. पाण्याचा जोर वाढला. हैबतीनं दात-ओठ खाऊन जोर लावला आणि पलीकडच्या खांबाजवळ दोर तुटला.

फार आवाजही झाला नाही. हैबती आणि ठकूबाई, दोघांच्या हातात दोर होता. त्या दोराबरोबर ते पाण्यात फेकले गेले, बुडत-वर येत अलीकडच्या काठाला लागले, आणि लोकांनी त्यांना ओढून घेतलं. नाव धारेला लागली. खालच्या अंगाला मोठा कातळ आहे. त्याच्यावर ती जाऊन आदळली आणि उलटली. गडी दिसला नाही. गिरजेचा हात एकदा पाण्याबाहेर आला. शेठनं काठावरून तो बघितला. तो पाण्यात धावत सुटला, तेव्हा चौघांनी त्याला कवेत धरून मागं खेचलं. तो लेकीला हाका मारत राहिला. नदीच्या आवाजात त्या कुणाला ऐकूही आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी गिरजा सापडली. त्याविषयी मी काही सांगणार नाही. सांगवतही नाही.

तिला अग्नी देऊन झाल्यावर शेठ नदीवर आला. हैबती खांबापाशी गुडघ्यात डोकं घालून बसला होता. शेठनं त्याचं बखोटं धरून त्याला उभं केलं.

“हरामखोरा, तुला कधी नाही म्हटलं होतं का मी? दोर विरला, तर मागायचं होतंस!”

“तुम्ही नाही म्हणाला नसता, शेठ,” हैबती रडत म्हणाला. “म्हणूनच नाही मागता आलं. गावाकडं पैसा मागायची मला कधी लाज नाही वाटली. तुमच्यापुढं वाटली.”

शेठनं त्याला सोडलं. तो भोवती जमलेल्या लोकांकडे वळला. “आणि तुम्ही? रोज या नावेतून जात होता. एकालाही दोर दिसला नाही?”

एकजण पुटपुटला, “दिसत होता, शेठ. पण तो तुमचा दोर. आम्ही कोण बोलणार?”

“अरे, पण नावेत तर तुम्हीच बसत होता!” शेठ ओरडला.

ठकूबाई पुढं आली. एका दिवसात ती वाकून गेली होती. दोराच्या काचानं तिचे तळहात सोलून निघाले होते.

“शेठ, मला मारायचं तर मारा,” ती म्हणाली. “माझ्या हाताला कळलं होतं. तुमची लेक शेजारी होती. शब्द ओठाशी आला होता, तो मी गिळला. मलाही फुकटची सवय लागली होती. मी मेले असते तर बरं झालं असतं. त्या पोरीच्या जागी मी जायला हवं होतं.”

शेठ मटकन खाली बसला. चिखलात बसला. मग त्यानं मान वर केली. त्याच्या आवाजात आता राग नव्हता. लहान मुलासारखं तो विचारू लागला, “पण मी तुमचं काय वाईट केलं गं म्हातारे? मी काय कमी केलं तुम्हाला?”

“कमी काहीच केलं नाहीत, शेठ,” ठकूबाई म्हणाली. “आमचा एक पैसा तेवढा काढून घेतलात.”

लोक एकेक करून निघून गेले. हैबतीही गेला. गाडीवान बैल जुंपून हाक मारत होता, पण शेठ उठला नाही. त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला, पेढीवरही बसला, पण गूळ तोलताना मध्येच थांबायचा आणि गिऱ्हाईक समोर उभं आहे याचं त्याला भान राहायचं नाही.

तात्पर्य काय ते ऐका: आपला पैसा लहान आहे म्हणून तो द्यायचा टाळू नये, आणि आपण मोठे आहोत म्हणून दुसऱ्याचा पैसा परस्पर भरूही नये; माणसाचा एक पैसा जिथून निघून जातो, तिथून त्याची नजर, त्याचा हात आणि त्याचा शब्दही निघून जातो.